सात जूनचा मिरग

तिसगावच्या स्टँडवर एसटी उभी होती आणि माझे वडील, दादा, माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत होते. बहात्तर सालचा सात जून. मी पुण्याच्या कॉलेजात निघालो होतो. "मिरग निगाला आज, पन ढग न्हाई," ते म्हणाले. कंडक्टरने बेल मारली तसा त्यांनी खिडकीतून माझा दंड धरला. "पास झाला तर शीक. नापास झाला तर कोयता धर. दोनदा धाडनार न्हाई." कोयता म्हणजे ऊसतोड. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव त्या वाटेला लागायचं. आईने भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती काहीच बोलली नाही. मला तिचा राग आला होता.

मागे राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना विचारा. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मी मेसमध्ये पोळी-भाजी खात होतो आणि तिकडे आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. पोळी गोड लागायची, त्याचीच लाज वाटायची.

एप्रिलात खगोलशास्त्राची तोंडी परीक्षा होती. तीत नापास म्हणजे वर्ष गेलं. टेबलावर तारे रंगवलेला, फिरवता येणारा गोल होता. त्यावर सूर्याची वाट तारखांसकट आखलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सोपा म्हणून प्रश्न टाकला, "मृग नक्षत्र मध्यरात्री डोक्यावर कधी येतं?"

"सात जूनला, सर," मी ताडकन म्हणालो. मिरगाची तारीख आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मागे नंबर लावून बसलेल्या पोरांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. "गोलावर दाखवा," ते म्हणाले.

मी गोल फिरवला. सूर्याच्या वाटेवर सात जून सापडला आणि माझं बोट थेट मृगाच्या ताऱ्यांवर पडलं. मिरग निघाला म्हणून आम्ही बियाणं बाहेर काढतो, त्या दिवशी सूर्यच त्या ताऱ्यांच्या जागी असतो. तारे भर दुपारी डोक्यावर असतात आणि उजेडात कोणालाच दिसत नाहीत; रात्री ते मावळलेले असतात. परीक्षक माझा गुणांचा कागद बाजूला सारू लागले.

"सर, चुकलो," मी जवळजवळ ओरडलोच. "शेतकऱ्याचा मृग म्हणजे सूर्य कुठे आहे ते. तारे मध्यरात्री डोक्यावर हवेत तर सूर्य बरोबर पलीकडे हवा. सहा महिन्यांनी. डिसेंबरात."

त्यांनी गोल स्वतः अर्धा फिरवून पाहिला. मग त्यांनी टोपण काढलं.

निकाल लागेपर्यंत पुन्हा जून उजाडला होता. मी गावी गेलो तो थेट खडीच्या ढिगाशी. पास झाल्याचं सांगायचं सोडून मिरगाचंच सांगत बसलो. दादांनी हातोडा खाली ठेवला.

"म्हंजी आत्ता बी मिरग वर हाय, पन दिसत न्हाई?"

"व्हय, दादा."

पलीकडे आई खडी फोडत होती. तिने मान वर केली नाही. "त्यात काय लई मोठं शिकला? हा गेल्यापून मी शेजारनींना तेच सांगते. हाय माजा पोरगा, पन दिसत न्हाई."

एसटीत मनात धरलेला राग त्या दिवशी गळून पडला, आणि मला रडू आवरेना.

आता मी टोरांटोजवळच्या एका कॉलेजात फर्स्ट इयरच्या मुलांना खगोलशास्त्र शिकवतो. आई-दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. रान चुलतभाऊ करतो, आमच्या घरावर त्याने नवा स्लॅब टाकलाय म्हणे. घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी चटकन उत्तर देऊ शकत नाही. पण दर सात जूनला दुपारी पार्किंग लॉटमध्ये जातो, डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघतो, आणि आसपास कोणी नाही असं पाहून मोठ्याने म्हणतो, "आई, हाय गं मी."