बस रिकामी होते तिथं उतरायचं नाही

गल्फमध्ये राहणाऱ्या माणसाचं सगळं किलोत मोजलं जातं. जाताना खजूर आणि चॉकलेटं, येताना कोकम आणि मसाला. एअरपोर्टच्या काट्यावर बॅग उघडून चादर काढायची की लोणचं, यावर नवरा-बायकोची भांडणं होतात. किस्से मात्र काट्यावर ठेवावे लागत नाहीत. म्हणून ते साठत जातात आणि निघताना कुणाला त्रासही देत नाहीत.

मी रियाधच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. ईदची सुट्टी जवळ आली की लॅबमधलं कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, युरोपला पॅरिस करू की स्वित्झर्लंड?’ मग माझ्या डोळ्यांसमोर परबभाऊ उभे राहतात. खुर्ची ओढतात, चहा बशीत ओततात आणि म्हणतात, ‘तिथं गर्दी फार.’

परबभाऊ मूळचे कुडाळचे. रियाधच्याच अल सुलै भागातल्या एका गोदामाचे मॅनेजर. शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी पोहे असायचे आणि आमची टोळी तिथं जमायची. मी, माझा नवरा संजय, आमची लेक रेवा, आणि चिपळूणचे गुरव. गुरव दूरच्या अबकैकजवळच्या एका तेलाच्या प्लँटवर सेफ्टी इंजिनिअर, कॅम्पमध्ये एकटे राहणारे. निर्मलावहिनींच्या हातचे पोहे खायला हा माणूस अबकैकहून रेल्वेने यायचा. आम्ही सगळे मिळून दर ईदला युरोपात एक ट्रिप करायचो. कुठं जायचं ते भाऊ ठरवायचे. आणि वहिनींना कुठं जायचं होतं, ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

वहिनींच्या वडिलांचं कुडाळच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं. तिथं भिंतीवर कापड कंपनीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर पॅरिसचा तो टॉवर. वर्ष संपलं तरी वडिलांनी ते काढलं नाही. त्याच्याखाली बसून वहिनी काजं-बटणं करायच्या. लग्न ठरलं, मुलगा परदेशात नोकरीला आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, म्हणजे टॉवरच्या जवळपासच असणार!

तो परदेश म्हणजे रियाध निघालं.

*

सुरुवात खरं तर पॅरिसपासूनच झाली होती. भाऊ रियाधच्या बत्हा बाजारातल्या एका मलयाळी ट्रॅव्हल एजंटकडे गेले. तो म्हणाला, ‘भाऊ, पॅरिस का व्हिसा अपॉइंटमेंट ईद तक नहीं मिलेगा. स्लोव्हेनिया ले लो.’

‘वहाँ क्या है?’

‘पता नहीं. वहाँ कोई जाताही नहीं.’

एजंट बिचारा प्रामाणिकपणे आपल्या मालाची खोड सांगत होता. भाऊंना ती एवढी आवडली की तिथल्या तिथं सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्यापुढे ठेवले. वहिनींना घरी येऊन म्हणाले, ‘पॅरिस पुढच्या वर्षी बघू.’

स्लोव्हेनियात सगळं जग ब्लेडच्या तळ्यावर जातं. मध्ये बेट, बेटावर चर्च, कॅलेंडरवर असतं तसंच. आमची बस ब्लेडला थांबली आणि अख्खी रिकामी झाली. संजय बॅग घेऊन उठलाही होता. भाऊंनी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. ‘बस रिकामी होते तिथं उतरायचं नाही.’

आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. त्या गावाचं नाव बोहिन्य. तिथंही तळं होतं, ब्लेडहून मोठं, आणि काठावर एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा, बस्स. आभाळ डोंगरावर टेकलेलं होतं. लॉजच्या मालकीणबाई दर सकाळी कॉफी देताना माफी मागायच्या. आजही ऊन नाही, सॉरी. शेवटी संजय त्यांना म्हणाला, ‘मॅडम, ऊन आम्ही घरी भरपूर ठेवून आलोय.’

रियाधला तेव्हा उन्हात तापलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. इथं वहिनी शालीत गुरफटून तळ्याकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं, ‘छान आहे ना?’

‘छान आहे की,’ त्या म्हणाल्या. ‘पॅरिसला इथून बस असेल का?’

*

गुरवांबद्दल सांगायलाच हवं. प्लँटवर आग किंवा गॅसचा अलार्म झाला की सगळ्यांनी एका ठरलेल्या जागी जमायचं असतं. त्याला ते मस्टर पॉइंट म्हणतात. तिथं डोकी मोजतात. हे व्रत गुरव युरोपातही पाळायचे. कुठल्याही गावात पाऊल ठेवलं की पहिली घोषणा, ‘हे कारंजं आपला मस्टर पॉइंट. हरवलेल्याने इथं यायचं. थांबलेल्याने हलायचं नाही.’

अल्बानियात बेरात नावाचं गाव आहे. डोंगरावर एकावर एक पांढरी घरं आणि घरांना नुसत्या खिडक्याच खिडक्या. तिथं गुरवांनी नदीकाठचा एक बाक निवडला. बाकावर एक आजोबा आधीच बसलेले होते. गुरवांनी त्यांना खाणाखुणा करून सगळी पद्धत समजावली. आजोबा गंभीरपणे मान हलवत होते. आम्हाला वाटलं, सभ्य माणूस आहे, ऐकून घेतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही जमलो तर आजोबांनी काठी उचलली आणि एकेकाकडे रोखून मोजायला लागले. संजय सिगरेट घ्यायला मागं राहिला होता. आमची टॅक्सी आली, पण आजोबा काही आम्हाला उठू देईनात. काठी आडवी धरून बसले. संजय धापा टाकत आला तेव्हा त्याच्या हातातली सिगरेट काढून घेतली, स्वतः पेटवली आणि मग आम्हाला जायची परवानगी दिली.

गुरव म्हणाले, ‘माझ्या प्लँटवर असा एक माणूस मिळाला असता तर!’

*

तेव्हा रियाधच्या हॉटेलांना दोन दरवाजे असायचे. एकातून एकटे पुरुष, दुसऱ्यातून फॅमिली. पायांनाच ते वळण पडलं होतं. चेक देशात प्राग सोडून भाऊंनी आम्हाला ओलोमोउत्सला नेलं. तिथल्या खानावळीलाही दोन दरवाजे होते. गुरव एकटे पहिल्या दाराने गेले, आणि आम्ही फॅमिलीवाले दुसऱ्या दाराने.

दुसरं दार स्वयंपाकघराचं होतं.

आत एक धिप्पाड बाई कणीक तिंबत होत्या. आमचा घोळका बघून त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसल्या आणि स्टुलं पुढे केली. त्या गावाचं एक चीज आहे. त्याचा वास असा की रेवा ‘मम्मा, समवन डाइड इन हिअर’ म्हणून नाक धरून बाहेर पळाली. बाईंनी गंमत म्हणून त्याचा तुकडा वहिनींपुढे धरला. त्यांना वाटलं, आता ह्यासुद्धा पळणार. पण वहिनींचा जन्म सुका जवळा भाजण्यात गेलेला. त्यांनी तुकडा खाल्ला, जरा विचार केला आणि दुसरा मागितला. मग दोघी चुलीपाशी उभ्या राहून, एकमेकींची भाषा येत नसताना, बराच वेळ काहीतरी बोलत होत्या.

बाहेर गुरव एकटे पाच खुर्च्या अडवून बसले होते. कुणीच येईना म्हणून त्यांनी वेटरचीच हजेरी घेतली.

आता रियाधला ते दोन दरवाजे राहिले नाहीत. चांगलंच झालं. पण परवा एका जुन्या हॉटेलात जाताना माझे पाय आपोआप बाजूच्या दाराकडे वळले. तिथं आता भिंत आहे.

*

अशीच एक सवय आमच्यासोबत बोस्नियातही आली. यायत्से नावाच्या गावाच्या अगदी मधोमध धबधबा कोसळतो. आम्ही तिथं एका दुकानात तांब्याची कॉफीची भांडी बघत होतो. वहिनींना एक आवडलं होतं, पण भाव काही परवडेना. तेवढ्यात अजान झाली.

रियाधला तेव्हा अजान झाली की दुकानं बंद व्हायची. शटर पडायच्या आत गिऱ्हाइकाने बाहेर पडायचं हा नियम. आम्ही सगळे हातातली भांडी खाली ठेवून एका दमात बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिलो. दुकान आपलं उघडंच. दुकानदारीण बाई धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, भाव ऐकून सगळे रागावून निघाले. त्यांनी घाईघाईने भाव निम्म्यावर आणला.

भाऊंनी ओशाळून खरं कारण सांगितलं. बाई एवढ्या हसल्या की त्यांनी आम्हाला परत आत नेऊन कॉफी पाजली. भाव मात्र वाढवला नाही. वहिनी भांडं पदराने पुसत म्हणाल्या, ‘एवढ्या वर्षांच्या सवयीचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.’

*

मला वहिनींची खरी आठवण आहे ती बाजारातली. भाऊ आणि गुरव किल्ले चढायचे, आणि वहिनी गावातला भाजीबाजार शोधायच्या. टोमॅटो दाबून बघायच्या, कोबी उलटा करून बघायच्या, म्हाताऱ्या बायकांशी मालवणीत घासाघीस करायच्या. भाऊ शेजारी पिशवी धरून उभे असायचे. दोघांत युरोपचं सिम असलेला फोन एकट्या भाऊंकडेच असायचा, कारण वहिनी काय, सदैव शेजारीच.

एका शुक्रवारी रेवा त्यांना म्हणाली, ‘आंटी, पॅरिस इज सो ओव्हररेटेड.’ वहिनींनी संजयकडून अर्थ समजून घेतला.

‘असेल गं,’ त्या म्हणाल्या. ‘पण आधी बघू तर दे. मग मीही म्हणेन.’

भाऊंनी बशीतला चहा संपवला. मला त्यांचा कधीकधी फार राग यायचा. भली माणसं हळूहळू दुसऱ्याचं आयुष्य पुढच्या वर्षावर ढकलत नेतात, आणि त्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

मग भाऊंची साठी आली. कंपनी म्हणाली, खलास. आता इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वाढणार नाही, फायनल एक्झिट, कायमचं घरी. म्हणजे कुडाळ. आणि कुडाळला गेल्यावर पॅरिस कसलं, दर महिन्याला औषधं आणि झाडावरून पाडलेले नारळ यांचाच हिशोब. ते वहिनींना आमच्याहून जास्त कळत होतं. त्यांनी त्यानंतर पॅरिसचं नाव काढणंच सोडलं, आणि ते नाव ऐकू न येणंच फार लागायचं.

एका शुक्रवारी भाऊंनी पोह्यांच्या ताटलीशेजारी वहिनींचा पासपोर्ट ठेवला. बत्ह्यातल्या एजंटच्या दुकानात रोज जाऊन बसून त्यांनी अपॉइंटमेंट मिळवली होती. वहिनींनी हात पुसले, पान उलटलं, व्हिसावरून बोट फिरवलं.

‘पोहे गार होतायत,’ त्या म्हणाल्या. आणि आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

तर शेवटची ट्रिप. पॅरिस.

दुपारी आम्ही टॉवरखाली पोचलो. बस रिकामी झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा भाऊ तिथं उतरले. गर्दी म्हणजे काय सांगू! सेल्फीच्या काठ्या, रांगा, छोटे टॉवर विकणारी पोरं. गुरवांनी टॉवरसमोरचा एक बाक मस्टर पॉइंट म्हणून जाहीर केला. वहिनी मान वर करून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लहान मुलं विमानाकडे बघतात तसं बघत होत्या. भाऊ तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. आम्ही फोटोंच्या नादात होतो.

भाऊ परत आले तेव्हा वहिनी नव्हत्या.

गुरवांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. संजय आणि गुरव दोन बाजूंना धावले, मी आणि रेवा पुलापर्यंत जाऊन आलो. भाऊंनाही निघायचं होतं, पण गुरवांनी त्यांना खांदे धरून बसवलं. ‘भाऊ, थांबलेल्याने हलायचं नाही.’

वर जायची वेळ टळली. तिकिटं भाऊंच्या मुठीत चुरगळली होती. वहिनींना ना इंग्रजी येत होतं, ना त्यांच्याकडे फोन होता. भाऊ बाकावर बसून समोर बघत होते, आणि समोर टॉवरशिवाय दुसरं काही नव्हतं. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. एकदाच म्हणाले, ‘हिला एकटं चालायची सवय नाही हो.’

उन्हं पार उतरली तेव्हा वहिनी आल्या. सावकाश, रस्त्याच्या दोन्ही बाजू नीट बघत. हातात कागदी पिशवी, तिच्यातून हिरवागार पाला बाहेर आलेला.

भाऊ उठले. ‘खंय होतंस गो?’

‘बाजारात. चार गल्ल्या पलीकडे. मुळे बरे गावले, पाल्यासकट.’

एवढंच. कशा गेल्या, कुणाला काय विचारलं, एवढा वेळ काय केलं, काही नाही. त्या भाऊंच्या शेजारी बाकावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. मी निघायला उठले, तर भाऊंनी हात केला.

‘थांबा जरा. दिवे लागायचेत.’

आणि लागले. अख्खा टॉवर पिवळा झाला. सगळीकडून ‘आऽऽ’ असा आवाज आला. गुरवांनी गुपचूप डोकी मोजून घेतली. भाऊ टॉवरकडे असे बघत होते की मी त्यांना तसं कधीच बघितलेलं नव्हतं.

‘पुढच्या वर्षी वर चढूया,’ ते म्हणाले.

फायनल एक्झिट पुढच्या महिन्यात होती. आम्ही कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही.

वहिनी मुळ्याचा पाला निवडत होत्या. एक पिवळं पान बाजूला काढून म्हणाल्या, ‘बघूया. गर्दी नसली तर.’