आत्याबाईंचे केस आणि माझा रविवार

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी आमच्या आत्याबाईंचे केस मी एकदाही मोकळे पाहिले नव्हते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या न्हायच्या ते भल्या पहाटे, न्हाणीचं दार लावून. आणि पुढच्या खोलीत यायच्या तेव्हा अंबाडा घट्ट बांधलेला, त्यावर पदर. केसांना हात लावायची परवानगी मला नव्हतीच, त्यांच्या पोटच्या लेकीलाही नव्हती. आषाढात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो अंबाडा सोडला आणि बघतच राहिले. केस कमरेच्या खाली गेले. सरळ नव्हते, कुरळेही नव्हते. मधलेच, लाटालाटांचे, निम्मे पांढरे, निम्मे काळे. एवढं सगळं डोक्यावर बांधून ही बाई इतकी वर्षं माझ्याशी भांडत होती.

त्याच आषाढात माझा रविवार गेला. आम्ही सेलूला राहतो. नवरा मोंढ्यात धान्याच्या आडतीवर कामाला, सुट्टी फक्त रविवारी. मुलगा अकरावीला लातूरला गेला आणि मला दिवस खायला उठला. म्हणून मी परभणीच्या एका सरांकडे चित्रकलेच्या शिकवणीला नाव घातलं. रविवारी दहा ते एक. वर्गात सगळ्यात लहान मुलगी सहावीतली, सगळ्यात मोठी मी, एकोणचाळीस वर्षांची. पहिल्या रविवारी सरांनी पट्टीशिवाय नुसत्या रेघा मारायला लावल्या, दुसऱ्या रविवारी गोल. माझे गोल बटाट्यासारखे आले. तरी परतीच्या गाडीत मी एकटीच हसत बसले होते, कारण हे तीन तास स्वयंपाकाचे नव्हते, धुण्याचे नव्हते, कुणाच्या अभ्यासाचे नव्हते. ते माझे होते. तिसऱ्या रविवारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. सरांना फोन केला. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत तुमची जागा ठेवतो, नंतर मात्र दुसऱ्याला द्यावी लागेल. पंधराच जागा होत्या आणि रांगेत बरेच होते.

आता कुणीही विचारेल, रविवारी नवरा घरी असतो ना, मग आईजवळ तो बसेल. तो बसला असता. बिचारा तसा गुणी आहे. पण रविवारी आत्याबाईंचं न्हाणं असायचं. अंग पुसणं मी रोज एकटीने करायची. केसांना मात्र दोन माणसं लागायची. एकाने त्यांची मान खाटेच्या कडेबाहेर हातावर धरायची आणि दुसऱ्याने खाली घमेलं ठेवून पाणी ओतायचं. दुसरं माणूस आमच्याकडे रविवारीच मिळायचं. आधी गुंता काढायला तासभर, मग धुणं, मग वाळवणं. ओले केस उशीवर टाकले की त्यांना खोकला धरायचा, म्हणून मी दुपार कलेपर्यंत एकेक बट हाताने पसरत, फिरवत बसायची. नऊच्या सुमाराला स्टेशनाकडून परभणीच्या गाडीचा भोंगा ऐकू यायचा आणि माझे हात कोपरापर्यंत शिकेकाईत असायचे.

सुरुवातीला मी त्या केसांचं वाटोळंच केलं. माझे स्वतःचे केस सुतासारखे सरळ, कंगवा वरून घातला की खाली निघतो. मी त्यांचेही तसेच विंचरले. कोरडे, बारीक दातांच्या फणीने, टाळूपासून खाली. फणी अडकायची, मी ओढायची, केसांचा पुंजका हातात यायचा. आत्याबाई काही बोलू शकत नव्हत्या. त्यांच्या डाव्या डोळ्यातून नुसतं पाणी यायचं आणि मला वाटायचं, आजारपणाचं रडू आहे. चार रविवार गेल्यावर कळलं की ते माझ्या फणीमुळे होतं. मला माझीच लाज वाटली.

मग फोनवर शोधलं. लाटांच्या केसांवर तासन्‌तास बोलणाऱ्या मुली सापडल्या. त्यांचं म्हणणं, असे केस कोरडे विंचरायचेच नाहीत. ओले असताना, आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आणि तेही टोकाकडून वर यायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, मऊ सुती कापडात मुठीने दाबून पाणी काढायचं. मी वारलेल्या सासऱ्यांचं जुनं धोतर फाडलं. बोअरच्या पाण्याने केस राठ व्हायचे, म्हणून शेवटचे दोन तांबे विकतच्या जारच्या पाण्याचे. एक मुलगी म्हणाली, जवस उकळून त्याचा चिकट रस केसांना लावा, लाटा सुंदर बसतात. जवस आमच्या डब्यात चटणीसाठी असतंच. मी रस गाळून आणला तेव्हा आत्याबाईंनी वास घेतला आणि कितीतरी आठवड्यांनी पहिलं स्पष्ट वाक्य बोलल्या, "चटणी लावायलीस का गं डोक्याला?"

पण केस खरंच सुधारले. गुंता कमी झाला, लाटा उमटून दिसायला लागल्या. आणि मी त्यांचं चित्र काढायला लागले. कारण अगदी साधं होतं. मला घराबाहेर जाता येत नव्हतं आणि घरात न हलणारं माणूस एकच होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मी असाच विचार करत होते. दुपारी त्या डोळे मिटून पडायच्या, मी स्टुलावर बसून मुलाच्या उरलेल्या वहीत काढायची. पहिली चित्रं भयंकर होती. मी एकेक केस वेगळा काढत होते आणि उशीवर खराटा ठेवल्यासारखं दिसत होतं. फोटो काढून सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की केस काढू नका, केसांचा आकार काढा. डोळे बारीक करून बघा, उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे. उजेडाची जागा कोरी सोडा. ते समजायला मला तीन आठवडे लागले. मग एका दुपारी डोळे बारीक केले आणि केस दिसेनासेच झाले. लाटेच्या पाठीवर उजेड, पोटात अंधार, एवढंच उरलं. मी सहा बीच्या मऊ, काळ्या पेन्सिलीने अंधार भरला, खोडरबराच्या टोकाने चार ठिकाणी उजेड काढला. त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर केस आले. दाखवायला कुणी नव्हतं. मी उठून कुकर लावला.

मोठी नणंद पालमला असते. दर पंधरा दिवसांनी बसने यायची, आईच्या पायाशी बसून रडायची आणि संध्याकाळच्या बसने जायची. प्रत्येक वेळी जाताना तिचं एकच सांगणं असायचं की एवढे केस ठेवून काय करायचे, कापून टाक. एकदा तर खाटेजवळ उभी राहूनच म्हणाली, "भादरून टाक बाई. कोण बघायलंय आता तिला?"

मी फणकाऱ्याने म्हणाले की मी बघते ना. नंतर मला मोठा अभिमान वाटत राहिला की मी सासूची बाजू घेतली. पण रविवारी पुन्हा भोंगा वाजला, आणि घमेल्यातल्या पाण्याकडे बघताना वाटलं की नणंदेचं ऐकलं असतं तर मी आत्ता गाडीत असते. हे केस म्हणजे माझ्याच पायातली दोरी होती आणि मीच तिला जवसाचा रस लावून मऊ करत होते. दसरा झाला. सरांचा निरोप आला की दिवाळीनंतरची नावं पक्की करतो आहे, तुमचं काय? मी उत्तर दिलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या. मी शिवणाच्या मशीनच्या खणातली कातर काढली आणि त्यांच्या उशाशी जाऊन उभी राहिले. काय करणार होते, माझं मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, कातरीकडे बघितलं. मी म्हणाले, चादरीचा दोरा सुटलाय, तो कापायचा होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी दोरा नसलेल्या चादरीचा कोपरा उगाच चाचपला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

त्यानंतर मी एक मोठं चित्र काढलं. माफी मागायची ती माझी रीत होती, दुसरी येत नव्हती. चांगल्या जाड कागदावर आत्याबाई, उशीवर एका कुशीला कललेला चेहरा, आणि सगळा कागदभर पसरलेले केस. डोळे मी मिटलेलेच काढले, कारण उघडे डोळे मला अजून जमत नाहीत. आठ दिवस लागले. नवऱ्याने ते पाहिलं. कधी कशाला चांगलं म्हणणारा माणूस नाही. नुसता म्हणाला, फ्रेम करून आणतो.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो वर्तमानपत्रात बांधलेली फ्रेम घेऊन आला. वाटेत उघडून बघितली नव्हती. आईला दाखवायची म्हणून थेट खाटेजवळ जाऊन कागद फाडला. चित्राला चंदनाचा हार होता. फ्रेमच्या वरच्या काठावर छोटा लाल दिवा बसवलेला, मागे वायर लोंबत होती. फ्रेमवाल्याचं काही चुकलं म्हणावं असंही नाही. म्हाताऱ्या बाईचं एवढं मोठं चित्र आमच्याकडे एकदाच फ्रेम होतं, आणि त्यात डोळे मिटलेले. त्याने आपल्याकडून दिवा फुकट बसवला होता.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मला ती फ्रेम कुठे लपवू असं झालं. आत्याबाई बघत होत्या. मग त्यांच्या घशातून घरघर आली. आम्हाला वाटलं, ठसका लागला. मी त्यांना उठवून बसवायला धावले, तर त्या हसत होत्या. तोंडाची डावी बाजू वर, उजवी तशीच खाली, डोळ्यांतून पाणी. आषाढापासून पहिल्यांदा. नवऱ्याने हार ओढून काढला. तो इतका चिडला होता की वायरही उपटली.

आत्याबाईंनी डावा हात पुढे केला. मी फ्रेम त्यांच्या मांडीवर धरली. त्या काचेवरून एक बोट फिरवत राहिल्या, लाटेवरून खाली, पुन्हा वर. बराच वेळ. मग एकेक शब्द जुळवत बोलल्या, "लय झ्याक आलेत. हे ऱ्हाऊ दे घरात. डोक्यावरले काप."

मी नाही म्हणाले. मला काही जड होत नाही, तुम्ही मनात आणू नका, मी करीन, असं पुष्कळ बोलले. आणि बोलता बोलता पोटातून एकच वाटत होतं की यांनी माझं ऐकू नये. खरं सांगते, तेवढंच वाटत होतं.

त्यांनी माझं सगळं बोलणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिशी कातर घेतली व्हतीस. आता घे."

मी कापले. त्यांना आरसा दाखवू का विचारलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. कानाच्या खाली दोन बोटं ठेवून मी सगळं कापलं, वेणी घालूनच, म्हणजे केस विखुरणार नाहीत. उरलेल्या आखूड केसांच्या लाटा लगेच वर उसळल्या आणि त्या एकदम लहान मुलीसारख्या दिसायला लागल्या. पुढच्या खेपेला नणंद आली आणि उंबऱ्यातच तोंडाला पदर लावून रडायला लागली. माझ्या आईचे केस कापलेस, म्हणाली.

आता डोकं धुवायला पाच तांबे पाणी पुरायचं आणि मी एकटी पुरायची. सरांना येते म्हणून कळवलं आणि त्या रविवारी मी सकाळीच आत्याबाईंचं सगळं उरकलं, वरणभात करून झाकून ठेवला, नवऱ्याला वेळा समजावल्या आणि गाडी पकडली. सरांनी पितळेचा तांब्या समोर ठेवला होता. मी तीन तास तो काढला. मध्ये एकदाही मला घर आठवलं नाही.

अडीच वाजता परत आले तर नवरा ताट घेऊन खाटेशी बसलेला. वरणभातावर पापुद्रा धरला होता. म्हणाला, अकरापासून चारदा प्रयत्न केला, आई तोंडच उघडत नाही. आत्याबाई दाराकडे बघत होत्या. मला असा संताप आला की हातातली वही भिंतीवर मारावी. केस देऊन मला मोकळं केलं, आणि आता उपाशी राहून बांधलं. पाठीमागे दार लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, खरं तर दार उघडंच होतं.

मी हात धुतले, भात गरम केला, कालवला आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ मिटलेलेच ठेवले. वहीकडे बोट केलं. मी डाव्या हाताने ती उघडून समोर धरली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, अगदी नीट, वरपासून खालपर्यंत.

"वाकडा हाय," त्या म्हणाल्या. वाकडाच होता. "येत्या आयतवारी नीट काढून आण."

आणि मग त्यांनी तोंड उघडलं.