कुकरमधली बाई

हे बघा, चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण हसायचं नाही ही अट. आज तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या दुपारी हसायची सोय नव्हती हो!

मी एकतीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. बंद पडलेली कसलीही मशीन आणा, तासाभरात चालू. आता रिटायर होऊन बदलापुरात निवांत. निवांत कसला, हात शिवशिवतात! आणि माझे हात शिवशिवले की घरातली एखादी चालू वस्तू बंद पडते, असं ही म्हणते. ही म्हणजे आमची सौ., सुनंदा.

आमच्या मृणालचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण तिची डॉक्टर उल्हासनगरची, म्हणून ती सासरीच राहिली, विठ्ठलवाडीला. आदल्या रविवारी दोघं येऊन गेली. तेव्हा जावई, निलेशराव, मला चार-चारदा बजावून गेले, "बाबा, फोन चालू ठेवा हं. कधीही कॉल येईल."

आता चालू ठेवायचा म्हणजे फोन ठणठणीत नको? म्हणून मी अपडेट करायला घेतलं. इथेच माती खाल्ली.

आधी म्हणे जागा नाही. मी सुप्रभातचे सगळे फोटो उडवले. मग पाऊण अपडेट झालं आणि पाटी आली, 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा केला. पुन्हा चुकलं. पाच वेळा! शेवटी हिच्या फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून धरा. पण व्हॉल्यूमची बटणं दोन. त्यातलं कुठलं? म्हटलं भानगडच नको, दोन्ही दाबू. असा जोर लावला की अंगठा पांढरा पडला.

आणि फोन बोलायला लागला!

"बॅटरी, बासष्ट टक्के." बाईचा आवाज. बोट लावावं तिथे बोलते. "फोटो." "संदेश." "न वाचलेले तीन." बरं, नुसती बोलते, उघडत काहीच नाही.

स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, कोण बाई आलीय?"

"कोणी नाही!"

"मग बॅटरीचं कोण सांगतंय?"

मला दरदरून घाम फुटला. शेजारच्या साळवींना हाक मारली. साळवी म्हणजे आमच्या मजल्यावरचं सायबर खातं. त्यांनी लांबूनच बघितलं. हात नाही लावला.

"हॅक! शंभर टक्के हॅक! ती आता सगळं ऐकतेय. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करून घरच्यांना गंडवतात. आधी हा स्टीलच्या भांड्यात बंद करा, रेंज तोडा."

घरातले डबे सगळे भरलेले. रिकामा होता तो कुकर. फोन आत टाकला, झाकण लावलं, वर शिट्टीसुद्धा बसवली.

पाच मिनिटांनी कुकर बोलला, "निलेशराव जावई कॉल करत आहेत."

झाकण काढलं, हिरवं बटण सरकवतोय, सरकवतोय, सरकेल तर शपथ. ती आपली "उत्तर द्या, उत्तर द्या." अगं बाई, देतोय ना! तेवढ्यात कॉल बंद झाला.

हिने तिच्या फोनवरून निलेशरावांना लावला. स्विच ऑफ. मृणालला लावला. उचलेना. पोरीला काही झालं, की ही त्या कुकरातल्या बाईची चाल? नेमकं कशाला घाबरायचं तेच कळेना.

मग हिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी तो हिसकावून स्पीकरवर टाकला, म्हटलं, "हॅलो, कोण?"

"बाबा, मी निलेश. माझी बॅटरी गेली, हॉस्पिटलच्या फोनवरून बोलतोय. मृणालला ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणतायत कदाचित सिझर करावं लागेल. तिची रिपोर्टची फाइल रविवारी तुमच्याकडे राहिलीय, ती घेऊन लगेच या. आणि तिच्या आधार कार्डाचा फोटो..."

आधार! आला की नाही मुद्द्यावर?

"निलेश ना? मग सिद्ध कर! आमच्या घरी बघायला आलास तेव्हा काय खाल्लंस?"

"बाबा, अहो ती आत कळा देतेय..."

"काय खाल्लंस?"

"कांदेपोहे!"

"ते सगळेच खातात! कसे होते?"

पलीकडे त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "खरं सांगू? खारट. जाम खारट."

"पकडला! आमच्या निलेशरावांनी दोनदा मागून खाल्ले होते! ठेव फोन, चोरा! पोलिसात देईन!"

ठेवला फोन. छाती पुढे काढून हिच्याकडे बघितलं. हिचा चेहरा पांढराफटक.

"अहो... खारटच होते ते. दोनदा मीठ पडलं होतं. मृणालने नंतर मला सांगितलं, आई, तुला वाईट वाटू नये म्हणून त्याने दोनदा घेतले."

त्या नंबरवर परत लावला तर एंगेज. फाइल शोधली, रिक्षा पकडली. बदलापूर ते उल्हासनगर. ही डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. मी मनात एकच घोकत होतो, पोरीला काही होऊ देऊ नकोस, माझ्या मूर्खपणाची शिक्षा तिला नको. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. हॉस्पिटलच्या दारात उतरलो तेव्हा कळलं, मांडीवरचा कुकर फोनसकट तसाच हातात आहे.

निलेशरावांनी फाइल घेतली, आत पळाले.

काउंटरवरची सिंधी मुलगी कुकरकडे बघत होती, कारण तो मध्येच "बॅटरी, एकोणपन्नास टक्के" म्हणाला. तिने फोन बाहेर काढला, व्हॉल्यूमची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली. बाई गप्प!

"अंकल, ये तो जिनको दिखता नहीं उनके लिए होता है. आपने दोनों बटन साथ में दबाया क्या?"

"हो."

"बस, वही चालू झाला. हॅकबिक काही नाही. और अपडेट चार्जिंगला लावून करा, होऊन जाईल."

म्हणजे सगळा घोळ माझ्याच अंगठ्याचा! मी तिथेच बाकावर बसलो. अर्धा तास गेला, मला तो अर्धा दिवस वाटला. आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. सिझरबिझर काही नाही, दोघी सुखरूप! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सिस्टर दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन बाहेर आली. "मृणालचे वडील कोण?"

"मी! मी!" मी पुढे झालो.

"सिस्टर, थांबा," निलेशराव म्हणाले. दिवसभरात त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू होतं. "चेहरा हुबेहूब आहे, आवाजही तोच. पण हल्ली काही सांगता येत नाही. आधी त्यांना सिद्ध करू दे."

सिस्टर नवीन होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या काखेतल्या कुकरकडे बघितलं, आणि गुपचूप बाळ हिच्या हातात दिलं.