छत्रीवाल्याची तिसरी कॅसेट

आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरी कुणाला ना कुणाला काहीतरी दिसतं. मला लग्न होऊन इथे आल्यापासून माकडांशिवाय काही दिसलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, पण असल्या गोष्टी ऐकून हसायची. म्हणून हे लिहिताना माझा मलाच राग येतोय...

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. इकडे उत्तरेत, दूधविनायक मोहल्ल्यात आमचं घर, दुसरा मजला. आमचे हे संस्कृत पाठशाळेतून रिटायर झालेले. त्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला आणि उजव्या हाताचा अंगठा लुळा पडला. लेखणी धरता येईना. डॉक्टर म्हणाले, अंगठा हलवत राहा, नाहीतर कायमचा जाईल. व्यायामाला रबराचा चेंडू दिला, तो ह्यांनी खिडकीतून फेकला. डाव्या हाताने!

मग मुलाने व्हिडिओ गेम आणला. एक छत्रीवाला बुटका उड्या मारत जातो, त्याच्या तीन कॅसेटी. हे पोथी लावावी तसे त्याला लागले. मी भाजी निवडायला बसले की सुरू — "पहिल्या भागात त्याला मागे येता येत नाही. दुसऱ्यात येतं. तिसऱ्यात छत्री उघडून तरंगतो. कर्त्याने विचार किती वाढवलाय बघ!"

"तुम्ही अंगठा वाढवा," मी म्हणायची.

दोन भाग त्यांनी बाकीच्या बोटांनीच रेटले. तिसऱ्यात छत्रीचं बटण अंगठ्याने दाबून धरावं लागे, तिथे अडले. त्यात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

खंडेनवमीला हे आंघोळ न करताच खेळायला बसले. माझं डोकं फिरलं. पाटावर पोथ्या, विळी, अडकित्ता पूजेला मांडले होते, त्यातच गेमचं मशीन नेऊन ठेवलं. पूजेतली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही, म्हणजे ह्यांचे हात बांधले. रागाच्या भरात हळदकुंकू, अक्षता, पळीभर पाणी, सगळं कॅसेटच्या खाचेत गेलं.

"मारलंस त्याला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दसऱ्याला सकाळपासून अख्ख्या गल्लीची लाईट गेलेली. दुपारी मी आणि सून मीरा पुऱ्या लाटत होतो, तर बाहेरच्या खोलीतून तो टुंगटुंग बाजा! जाऊन बघते तर टीव्ही चालू. मशीन पाटावरच, झेंडूखाली, कॅसेट आत, वायर गुंडाळलेली. पडद्यावर छत्रीवाला तरंगतोय. समोर हे, हातात खेळायचा रिमोट... त्याची वायर फरशीवर लोळतेय, कशालाच जोडलेली नाही.

"अहो—"

"गप्प बस! शेवटचा दरवाजा आहे."

"आई, बाबांचा अंगठा बघा," मीरा कुजबुजली.

अंगठा बटणावर होता. नख पांढरं होईतो दाबलेला. छत्रीवाला दरवाजात शिरला आणि टीव्ही विझला. डोक्यावरचा पंखा सकाळपासून ढिम्म.

मशीन नंतर मिस्त्रीला दाखवलं. "अम्माजी, इसमें तो आपने हलवा बना दिया. चलने का सवाल ही नहीं."

डॉक्टर म्हणाले, नस कधीकधी आपोआप मोकळी होते. होऊ दे. पण टीव्ही?

त्या अंगठ्याने लेखणी धरून ह्यांनी पुढे अकरा वर्षं पानंच्या पानं लिहिली. त्या दुपारबद्दल एक ओळ नाही. हे जाईपर्यंत मी विचारत राहिले, दर वेळी त्यांचं तेच — "लाईट होती गं. तुझंच लक्ष नव्हतं."

मीराला विचारा. लाईट नव्हती.