माळेतल्या सहा कवड्या

हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाई. मालकाला न्हाई, लेकीला न्हाई. देवीपुढं उभी ऱ्हायले तवाबी न्हाई. तुम्ही कोण-कुठलं, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतेय — आन् तरी बघा, कुठनं सुरू करावं ते कळंना.

पचिशीपासनं करते. हसू नका.

मराठवाडा नुकताच महाराष्ट्रात आला होता तवाची गोष्ट. परंड्यात आमी चौघीजणी दुपारची भांडी झाली की पट मांडायचो — मी, माझ्या थोरल्या जाऊबाई, शेजारच्या शिंप्याची बानूबी, आन् गोदा. गोदा नवऱ्यानं टाकलेली. तिकडं उमरग्याकडं दिली होती. नवरा लई मारायचा, मग त्यानं दुसरी करून आणली, तशी ही पाठीवरचे वळ घेऊन भावाच्या दारात आली. भावजयीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं — नावाला एक बोल लागू दे, दुसऱ्या दिवशी उमरग्याची मोटार. तेवढ्या बोलीवर ती तिथं ऱ्हात होती. आमाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. मलाबी.

पट तिनंच शिवलेला, बानूबीकडच्या चिंध्यांचा. तिच्याच घरी पिशवीत असायचा. भिडू-बिडू न्हाई, जिची ती. सहा कवड्या फेकायच्या, पडंल तेवढं दान चालायचं, वाटंत सापडलेली दुसरीची सोंगटी मारायची. चारी सोंगट्या आधी घरात नेईल ती जितली. आन् रोज जितायची गोदा! आमच्या सोंगट्या दारातनं निघत न्हाईत तोवर हिच्या दोन घरात. दिवसभर जात्यापाशी मुकी असलेली बाई, पटावर बसली की खदाखदा हसायची. मला ते हसू बघवत नव्हतं का? — व्हय, नव्हतं. मी नांदती, पोटुशी, मानाच्या घरातली. आन् ह्या टाकलेल्या बाईपुढं रोज हरायचं?

हिला आवरायचं कसं, ह्यावर आमचा लई खल व्हायचा. बानूबी शहाणी. म्हणाली, आपापलं पळणं सोडा. एकीनं दोन सोंगट्यांची जोडी करून वाट अडवायची, दोघींनी मागनं मारत यायचं. एकदा केलंबी तसं. गोदाची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी जाऊबाईंनी मारली. रागावली का गोदा? छे! टाळ्या पिटल्या तिनं. "आता कसं! आता खेळात जीव आला," म्हणाली. पण तो डाव बानूबी जितली, आन् तिथंच माझं बिनसलं. वाट मी अडवायची, मागं मी पडायचं, आन् जितायचं दुसरीनं? मला नुसती गोदा हरायला नको होती, मला मी जितायला पायजे होते.

सासूबाई आमच्या येडाई देवीच्या आराधी, माळ घेतलेल्या. कवड्यांची माळ मंगळवारी आन् येरमाळ्याच्या जत्रंला गळ्यात, एरवी देव्हाऱ्यात. हळदीनं पिवळीधम्मक. मला वाटलं — आता कसं सांगू, असं कुणाला तरी वाटंल का? — देवीच्या कवड्या पटावर आणल्या तर देवी मला दान देईल. म्या गाठ सोडली, सहा कवड्या काढल्या, गाठ मारली. गोदाच्या घरी पट मांडताना तिच्या कवड्या हळूच कमरेला खोचल्या आन् ह्या, वरची हळद पुसून, टाकल्या.

आन् झालं काय? देवीच्या कवड्याबी गोदाचंच ऐकल्या! लागोपाठ दोनदा पंचवीस, सगळ्यांत मोठं दान.

उठताना तिनं माझा हात धरला. बोटं पिवळी होती माझी. कानाशी हसत म्हणाली, "देवीला घिऊन आलीस तरी हरलीस की गं. जा, ह्या गुपचूप ओवून ठेव." रागानं न्हाई हो, हसत. तवाच घेतल्या असत्या तर? पण मी हात झटकला. मला काय ठावं कुणाच्या, असं म्हणून तरातरा निघून आले. हरलेलं आन् वर पकडलेलं, मला सोसलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सासूबाईंनी माळ हातात घेतली आन् गल्ली डोक्यावर घेतली. कुणीतरी म्हणालं, कवड्या काय, पचिशीवाल्यांकडं बघा. गोदाच्या ओसरीवर पिशवी पालथी केली, तशा सहा पिवळ्या कवड्या घरंगळल्या. सासूबाई माझ्याकडं वळल्या. "तू रोज असतीस. कुणी आणल्या ह्या?"

गोदा माझ्याकडं बघत होती. तिनं माझं नाव घेतलं न्हाई. वाट बघत होती ती — मी बोलायची. काय झालं असतं मला? चार शिव्या, फार तर एक थोबाडीत. मला घर होतं. पदराखाली बोटं लपवली आन् म्हणाले, "गोदानं."

सकाळच्या मोटारीनं भावानं तिला पोचवलं. बानूबी भाकरी बांधून द्यायला गेली होती; मी दाराआड उभी. दोन सालानं सांगावा आला, गोदा गेली. कशानं गेली, कुणी विचारलं न्हाई. मीबी न्हाई.

सासूबाईंनी त्या कवड्या दुधानं धुऊन परत ओवल्या. त्यांच्यामागं माळ माझ्या गळ्यात आली. मंगळवारी बायका पाया पडतात माझ्या. त्यातल्या त्या सहा कुठल्या, आता मलाबी वळखू येत न्हाईत.

एक ऱ्हायलं. गोदाला पोचवल्यावर पंधरा दिवसांनी आमी तिघींनी पट मांडला. तिचाच मागं ऱ्हायलेला पट, चौथी बाजू रिकामी. कवड्या म्या दिल्या, नव्या आणल्या म्हणून. डाव सरत आला तवा बानूबीनं एक कवडी उचलून निरखली. कडंला टवका उडालेली, गोदाची — म्या कमरेला खोचलेल्यातली. बानूबीनं माझ्याकडं बघितलं. कवडी पटावर ठेवली, उठली आन् गेली. माझ्याशी परत बोलली न्हाई.

माझ्या तीन सोंगट्या घरात होत्या, चौथी दाराशी. जाऊबाईंना काय कळणार? म्हणाल्या, "गेली ती डाव टाकून. जितलीस की गं!"

म्या ती चौथी सोंगटी उचलली आन् घरात ठेवली.