आपत्कालीन नौकेचं बूड

श्री. चंद्रहास रामचंद्र सामंत, वय बासष्ट, सेवानिवृत्त, राहणार सदनिका तीनशे दोन, मनवेलपाडा, विरार पूर्व; गृहनिर्माण संस्थेच्या आपत्कालीन नौका विभागाचे मानद प्रमुख. विभागात दुसरं कोणी नाही.

गल्लीत दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, म्हणून चंद्रहासरावांनी संस्थेच्या खर्चानं तानसाकाठच्या एका रिसॉर्टची जुनी अल्युमिनियमची बोट आणली. नदीतल्या खडकांनी तिच्या बुडाला पोचे आणले होते. सातिवलीच्या एका गाळ्यात नेऊन त्यांनी खाली जाड प्लॅस्टिकची शीट मारून घेतली. ती पुढच्या अर्ध्या भागालाच पुरली. त्यानंतर बोट जपणं हेच विभागाचं काम झालं. पाण्यात उतरवली तर खराब होईल, हे उघडच होतं. आता रविवारच्या सभेत बोट भंगारात काढायचा विषय होता. बोट गेली की विभाग गेला, आणि विभाग गेला की चंद्रहासराव नुसतेच सेवानिवृत्त.

म्हणजे सभेआधी एक तरी माणूस वाचवणं भाग होतं.

बुडाच्या मागच्या अर्ध्यासाठी त्यांनी गल्लीचाच बंदोबस्त केला. पार्किंगची जागा अडवायला लोकांनी ठेवलेले दगड, विटा, फुटक्या कुंड्या, सगळं नोटीस लावून उचललं.

"अहो, आणि आपला दगड?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"आपला कुठे आहे ते मला माहीत आहे ना!"

गुरुवारी पाणी भरलं. चंद्रहासरावांनी आधी गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावली, मग परत येऊन हातासरशी आपला दगड गेटपाशीच्या आपल्या जागेच्या मधोमध सरकवला. पूर ओसरला की लोक टपलेलेच असतात.

मग ते तळमजल्यावरच्या आशालताकाकूंच्या दाराशी बोट घेऊन हजर झाले. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि रिक्षा नाक्यावर थांबली होती.

"मी जाते की चालत," काकू म्हणाल्या.

"काकू, डोळ्याचा मामला आहे. घाण पाणी. बसा."

"बसते बाबा. नाहीतर तुझ्या सभेचं कसं व्हायचं?"

गॅलऱ्या भरल्या. मोबाईल वर झाले. चंद्रहासरावांनी बांबू रेटला, बोट दिमाखात निघाली आणि गेटपाशी कण्हल्यासारखा आवाज करून थांबली. प्लॅस्टिक दगडावरून सुरळीत घसरलं होतं. जिथे ते संपत होतं, तिथे अल्युमिनियम उसवलं.

"चंद्रहास, आत पाणी येतंय रे. हे घाण नाही ना?"

वरून कोणीतरी ओरडलं, "सामंतकाका, तीनशे दोनच्या जागेत बोट लावायला परवानगी आहे का?"

काकूंनी साडी खोचली, पिशवी डोक्यावर घेतली आणि उतरल्या.

पाणी त्यांच्या गुडघ्याच्या खाली होतं.