दुपारची मोटर

विद्याधर गेला. वायरी तशाच राहिल्या.

आधी खुशाली विचारतो, म्हाताऱ्याची सवय आहे.
मंदार, गुडघा कसा आहे? लेकाकडे नागपूरला आहेस तर आराम कर, जिने चढून मर्दुमकी दाखवू नकोस.
जोसेफ, शुगर तपासलीस, की अजून ‘उद्या’च?
इरावती, खराडीच्या ऑफिसात त्या खुर्चीला चिकटून पाठीचं काय झालंय, बाळ?

मी बरा आहे. खातोपितो. वेळ जात नाही, एवढंच.

मंदार, जोसेफ, तुम्हा दोघांना रविवारी येता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. बाकीच्यांनीही वाचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : विद्याधर म्हणजे कोथरूडमधला आमचा सिंथवाला; सिंथ म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र. मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायचो, कानावर शिकलेला, नोटेशनचा गंध नाही. माझा जुना सिंथ बंद पडला तेव्हा हा भेटला. दुरुस्ती झाली, पण मी त्याच्या घरी जायचा थांबलो नाही. मंदार, जोसेफ, इरावती, सगळे तिथेच भेटले.

त्याच्या मागच्या खोलीत भिंतभर मॉड्युलर, म्हणजे सुट्या डब्यांचा सिंथ. प्रत्येक डब्याचं काम वेगळं, आणि आवाज इकडून तिकडे न्यायला वायरी. वायरींची ती जुळणी म्हणजे पॅच.

ह्याला सेव्हचं बटण नाही. वायरी काढल्या की तो सूर गेला. फोटो बघून पुन्हा लावलात तरी तसाच येत नाही. भावंडं सारखी दिसतात, तसा येतो.

म्हणून आमच्यात एकच नियम. ज्याचा पॅच, त्यानेच सोडवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही.
आणि रेकॉर्डिंग नाही. विद्या म्हणायचा, “जेवणाचा फोटो काढून पोट भरतं का?”

गेलं वर्षभर उजवीकडचे चार डबे त्याने अडवून ठेवले होते. आम्हाला हात लावू देईना.
“अरे, भाड्याने दिलेस का?” मी विचारलं.
“जुना भाडेकरू आहे,” म्हणाला. “निघत नाही.”

आम्ही त्याला कंजूष म्हटलं. तो हसला आणि चहा ओतत राहिला.

त्याच्या बायकोचं, सुमतीवहिनींचं, हार्टचं ऑपरेशन झालं ते त्याच सुमाराला. आम्ही सगळे त्यांचीच काळजी करत होतो.
गेला मात्र हा. पेपर वाचता वाचता.

भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, झोप अशी नाहीच. ऑपरेशननंतर रात्रीची उडाली ती उडालीच, पण दुपारी छान डोळा लागायचा. सोसायटीची पाण्याची मोटर चालू असायची, तिच्या घूं घूं आवाजात.
आधी त्यांना त्या मोटरचा राग यायचा. ऐन दुपारी मोटर लावतात म्हणून चेअरमनला दोनदा सुनावलं होतं. चेअरमन शपथेवर सांगत होता की दुपारी मोटर लागतच नाही.
“मग सवय झाली हो भाऊजी,” म्हणाल्या. “आता हे गेले, आणि ती मेली मोटरही बंद पडली.”

मी मान हलवली. मला तरी काय कळणार होतं.

आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय. महिनाअखेर घर रिकामं करायचं. मशीन न्यायचं तर वायरी काढायला हव्यात. आणि ज्याने काढायच्या, तो नाही.

रविवारी मी आणि इरावती गेलो. ठरवलं, एकदा ऐकू, मग बघू.

विद्याचा शिरस्ता : आधी चहा, मग सूर. जुनं मशीन तापल्याशिवाय सुरात येत नाही. इरावतीने स्विच दाबला. वहिनी स्वयंपाकघरात आधण ठेवत होत्या.
बऱ्याच वेळाने मी आवाज वाढवला.

खर्जातला एकच सूर. हळूहळू फुगणारा, हळूहळू बसणारा. शेजारी कोणी गाढ झोपलंय, असा.

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या.
“मोटर चालू झाली का हो?”

मग त्यांनी मशीनवरचे दिवे पाहिले. उजवीकडचे चार डबे. त्यामागची भिंत, आणि भिंतीपलीकडची त्यांची झोपायची खोली.

स्वयंपाकघरात चहा उतू गेला.

“मी चेअरमनला बोलत होते, तेव्हा हे शेजारी उभे होते,” वहिनी म्हणाल्या. “वर मलाच म्हणाले, जाऊ दे, जुनी मोटर आहे.”

इरावतीला राहवेना. नियम गेला खड्ड्यात, म्हणाली, मी रेकॉर्ड करते, काकू, तुम्ही रोज लावा. मोबाइल काढलासुद्धा. मी अडवलं नाही, खोटं कशाला सांगू.

वहिनींनीच तिचा हात खाली केला.
“नको गं. ते उठून लावायचे, म्हणून झोप यायची.”

मग त्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पुसत राहिलो.

परत आलो तर त्या उभ्या होत्या. मला म्हणाल्या, कुठली आधी काढायची ते सांगा. मी म्हटलं, वहिनी, कुठलीही.
एकेक वायर काढून त्या हातावर घेत गेल्या, पूजेची फुलं उतरवावीत तशा. सूर पातळ झाला, हलला, मग गेला.

“टाकी भरली असेल,” म्हणाल्या.

विद्या, लेका, तुझा पॅच तुझ्या घरच्याच माणसाने सोडवला. नियम मोडला नाही.
आम्ही तुला कंजूष म्हटलं, ते मनावर घेतलं नसशीलच. जा आता सुखाने.

मंदार, जोसेफ, तुम्ही दोघं लगेच लिहा मला. इथेच, खाली. तब्येतीचं खरं खरं लिहा.

आणि वहिनींना फोन करा. पुण्यात दुपारी एक ते चार कोणाला फोन करू नये, हे मला कळतं.
तुम्ही त्याच वेळात करा. त्या जाग्याच असतात.